पट्टा, खटका आणि कुलूप

नागपूरच्या आग्नेयेस सुमारें ४० किलोमीटरांवर कुही हें तालुक्याचें गांव आहे. कन्हान नदी याच तालुक्याच्या टोंकाला, आंभोऱ्याजवळ, वैनगंगेला जाऊन मिळते. १९०८ सालीं बंगाल-नागपूर रेल्वेची नागपूर-नागभीड ही अरुंद मार्गाची गाडी कुहीवरून धांवूं लागली. २०१९ सालीं रूळ रुंद करण्याच्या कामासाठीं ती थांबविण्यांत आली. धान, कापूस, मिरची, तूर आणि अलीकडच्या काळांत सोयाबीन हीं या भागांतलीं पिकें. यांपैकीं फारच थोडा माल आतां निव्वळ मनुष्याच्या हातानें तयार होतो. धान व सोयाबीन मळणीयंत्रांत जातें, मिरची कांडपयंत्रांत जाते, कापूस जिनांत जातो. या सर्व यंत्रांना तोंड असतें आणि त्या तोंडांत कोणीतरी घांस घालावा लागतो. मालाचा घांस कोणता आणि माणसाचा हात कोणता, हें मात्र यंत्राला कळत नाहीं. तोंड तुंबलें, तें मोकळें करण्यासाठीं हात आंत घालावयाचा आहे, अशा वेळीं यंत्राची शक्ति तोडावयाची कशी, आणि हात बाहेर येईपर्यंत ती तुटलेलीच राहील याची हमी कोणी द्यावयाची? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु हिंदुस्थानांतील कारखान्यांच्या कायद्याला त्याचें उत्तर शब्दांत मांडण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

घरगुती रेच्यावर हा प्रश्न उद्भवतच नव्हता. रेचा म्हणजे एकमेकींना लागून फिरणाऱ्या दोन लाटा. बाई एका हातानें मूठ फिरवी आणि दुसऱ्या हातानें कपाशी लाटांत सरकवी. रुई पलीकडे जाई, सरकी अलीकडे पडे. बोट चिमटलें कीं फिरविणारा हात आपोआप थांबे, कारण बोट आणि मूठ दोन्ही त्याच बाईचीं. शक्ति आणि धोका एकाच देहांत नांदत होतीं. वाफेचें एंजिन आलें आणि त्यांची फारकत झाली. घांस घालणारे हात एका खोलींत, चाक फिरविणारी शक्ति दुसऱ्या खोलींत, आणि ती सोडावी कीं रोखावी हें ठरविणारा माणूस तिसऱ्याच ठिकाणीं. यंत्रयुगाविषयीं पुष्कळ बोललें जातें. पण या एका फारकतीकडे लक्ष द्यावें तितकें दिलें गेलेलें नाहीं.

वऱ्हाड-नागपुराकडे जीं जिनें आलीं तीं बहुतेक मॅकार्थीच्या पद्धतीचीं. अमेरिकेंतील फोन्स मॅकार्थी यानें १८४० सालीं या जिनाचा शोध लावला आणि लँकेशायरांतील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स यांसारख्या कारखानदारांनीं तशीं यंत्रें हिंदुस्थानांत पाठविलीं. त्याची रचना सोपी आहे. कातड्यानें मढविलेला एक रूळ सावकाश फिरत असतो. त्याला जवळजवळ चिकटून एक पातें स्थिर बसविलेलें असतें आणि दुसरें पातें समोर खालींवर हालत असतें. कातडें कापसाचे तंतु ओढून नेतें, स्थिर पातें सरकीला अडवितें, हालतें पातें तिला झटका देऊन खालीं पाडतें. आजच्या दोन रुळांच्या जिनांत हें पातें मिनिटाला सुमारें हजार झटके देतें. तें नुसत्या डोळ्याला दिसतहि नाहीं, एक धुरकट रेघ तेवढी दिसते. जुन्या जिनांत या पात्यासमोर बसून वा उभें राहून मुठीमुठीनें कापूस सोडण्याचें काम स्त्रियांकडे असे. अंगावर लुगडें, नाकातोंडांत कापसाचा बारीक तंतु, कानांत पात्यांचा खडखडाट, आणि बोटें पात्यापासून चार-सहा अंगुळांवर.

जिनें एका ओळींत मांडलेलीं असत आणि सर्वांना मिळून एकच लांब शाफ्ट असे. पुष्कळ ठिकाणीं तो जिनांच्या खालच्या बोळांतून गेलेला असे. शाफ्टवरून प्रत्येक जिनाला चामड्याचा एकेक पट्टा. जिनाच्या दांड्यावर शेजारीं शेजारीं दोन पुल्या: एक दांड्याला पक्की केलेली, दुसरी मोकळी. पट्टा पक्क्या पुलीवर असला म्हणजे जिन चाले. दांडीनें तो मोकळ्या पुलीवर सरकविला म्हणजे पट्टा फिरत राही, पण जिन उभें राही. एक जिन थांबवावयाचें तर एवढेंच करीत. सगळा शाफ्ट थांबविला तर ओळींतलीं सगळींच जिनें थांबणार, आणि हंगामाच्या चार महिन्यांत असा खोळंबा कोणा मालकाला परवडणार?

आणि येथेंच खरी मेख होती. मोकळ्या पुलीवरचा पट्टा स्वस्थ बसत नाहीं. शाफ्ट हादरत असतो, पट्टा ढिला-ताठ होत असतो, पुली झिजलेली असते. पट्टा हळू हळू सरकत पक्क्या पुलीवर येतो. बाहेरून पाहणाराला जिन पूर्ण थांबलेलें दिसतें. फिटर पात्यांत अडकलेली गुंतवळ काढावयास बोटें घालतो, आणि कोणीहि दांडीला हात न लावतां जिन चालूं लागतें. अपराधी कोणीच नाहीं. पट्टा आपण होऊन आला. कायद्याच्या पुस्तकांत पुढें 'पट्टा परत सरकूं नये अशी योजना' हे शब्द दिसतात, त्यांच्या मागें किती बोटें गेलीं असतील तें त्या कोरड्या शब्दांवरून समजत नाहीं.

विलायतेंत हा वाद आधींच पेटलेला होता. १८३३ च्या कायद्यानें तेथें सरकारी निरीक्षक नेमले गेले आणि १८४४ च्या कायद्यानें फिरत्या यंत्राभोंवतीं कठडे घालणें बंधनकारक झालें. स्त्रिया व मुलें यांनीं चालू यंत्र पुसूं नये असेंहि ठरलें. कारखानदारांना हें मानवलें नाहीं. डोक्यावरून जाणाऱ्या शाफ्टाला कठडा कशाला, माणसानें सांभाळून काम करावें, असें त्यांचें म्हणणें पडलें. १८५५ सालीं त्यांनीं कायद्याविरुद्ध लढण्यासाठीं संघहि स्थापला. चार्लस डिकन्सच्या साप्ताहिकानें या संघावर अशी झोड उठविली कीं तिची आठवण इंग्लंडच्या कामगार-इतिहासांत आजहि काढली जाते. 'माणसानें सांभाळून काम करावें' हें वाक्य मात्र त्या संघाबरोबर मेलें नाहीं. तें समुद्र ओलांडून इकडेहि आलें.

नागपुरास जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. मुंबईंत त्यापूर्वींच, १८७५ सालीं, कारखान्यांची चौकशी करण्यासाठीं एक मंडळ बसलें होतें. लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दींत १८८१ सालीं पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला. त्यांत सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली, धोक्याच्या यंत्राला कठडा घालण्याची व अपघात कळविण्याची तरतूद आली. परंतु कारखाना म्हणजे काय याची व्याख्या अशी होती कीं, यांत्रिक शक्तीवर चालणारा, शंभर किंवा अधिक माणसें असणारा, आणि वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालत नसेल असा. कापूस वेंचणीनंतर येतो आणि उन्हाळा तापण्याच्या सुमारास संपतो. अशा रीतीनें लहान आणि थोड्या दिवसांचीं जिनें कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलीं. गिरणींतल्या बाईच्या बोटाला कायदा होता. जिनांतल्या पुष्कळ बायांच्या बोटांना नव्हता. यंत्र तेंच, वाफ तीच, फक्त पंचांगांतले महिने कमी पडले! खानदेशांतील जिनांमध्यें हंगामांत पहांटेपासून रात्रीं उशिरांपर्यंत काम चाले, ही माहिती त्या काळच्या चौकशींतून सरकारपुढें आलेली होती; आणि इतक्या तासांनंतर हात पात्यापासून किती अंगुळें दूर राहील, हें सांगावयास तज्ज्ञ नको.

या ठिकाणीं नारायण मेघाजी लोखंडे यांचें स्मरण करणें अगत्याचें आहे. 'दीनबंधु'चे संपादक आणि महात्मा फुले यांचे सहकारी म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहेत. १८८४ सालीं मुंबईस दुसरें चौकशीमंडळ बसलें असतां त्यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि ५५०० सह्यांचा अर्ज मंडळापुढें ठेविला. रविवारची सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, पगार वेळेवर, या मागण्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्याच अर्जांतली आणखी एक मागणी मात्र फारशी सांगितली जात नाहीं: कामावर जबर दुखापत झाल्यास बरें होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचें पंगुत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली. दुखापतीच्या भरपाईचा कायदा व्हावयास १९२३ साल उजाडलें. म्हणजे ३९ वर्षें. तेवढ्या अवधींत अर्जावर सही करणाऱ्यांची पुढची पिढी कामावरून निवृत्त होण्याच्या वयास येऊन ठेपली.

१९२३ च्या त्या कायद्याला जोडलेली सूची एकदां वाचून पाहण्यासारखी आहे. कमावण्याच्या सामर्थ्यांत किती घट झाली असें धरावयाचें याचे तींत आंकडे होते. उजवा हात कोपरापाशीं वा त्यावर गेला तर शेंकडा ७०, डावा गेला तर ६०. एक डोळा, ३०. अंगठा, २५. तर्जनी, १०. दुसरें कोणतेंहि एक बोट, ५. आंकडे ठरविणारांवर निष्ठुरपणाचा आरोप करावयाचें कारण नाहीं. कांहींतरी माप ठरविणें भागच होतें. तरी पण जिनांत मुठीमुठीनें कापूस सोडणाऱ्या बाईचें सगळें सामर्थ्य त्या दहा बोटांतच होतें, आणि एका बोटाला शेंकडा पांच हा हिशेब तिला कसा पटला असता, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

मधल्या काळांत कायदा पावलापावलानें पुढें सरकत होता. १८९१ च्या दुरुस्तीनें पन्नास माणसांचे कारखाने कक्षेंत आले. लहान मुलांचें किमान वय सातावरून नवावर गेलें. चार महिन्यांची अट दूर होऊन हंगामी कारखाने कायद्याखालीं आले ते १९११ सालीं. त्यांतहि, स्त्रियांना रात्रीं कामावर ठेवूं नये या नियमाला जिनिंग-प्रेसिंगचा अपवाद ठेवला होताच. १९२२ सालीं माणसांची संख्या वीसवर आली. १९२९ सालीं व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं रॉयल कमिशन नेमलें गेलें, १९३१ सालीं त्याचा अहवाल झाला आणि त्यांतून १९३४ चा कायदा निघाला. त्यानें बारमाही कारखान्यांना दिवसाचे दहा तास आणि हंगामी कारखान्यांना अकरा तास ठरवून दिले. हा एक तासाचा भेद १९४८ सालीं, स्वतंत्र हिंदुस्थानच्या पहिल्या फॅक्टरी ॲक्टांत, नाहींसा झाला. हा कायदा १ एप्रिल १९४९ पासून अंमलांत आला.

१९४८ च्या कायद्याचें २४ वें कलम या कथेच्या दृष्टीनें महत्त्वाचें. पट्टा पक्क्या पुलीवरून मोकळ्या पुलीवर नेण्यासाठीं दांडी असलीच पाहिजे, आणि ती अशी असली पाहिजे कीं पट्टा आपण होऊन परत येणार नाहीं. प्रत्येक खोलींत संकटसमयीं शक्ति तोडण्याचें साधन पाहिजे. २७ व्या कलमांत तर यंत्राच्या तोंडाचाच विचार होता. रुईचे गठ्ठे करण्यापूर्वीं ती मोकळी करणाऱ्या ओपनर यंत्राजवळ स्त्रिया व मुलें यांना काम देण्यास त्यानें मनाई केली. मात्र घांस घालण्याचें तोंड आणि माल बाहेर पडण्याचें तोंड यांच्यामध्यें छतापर्यंत, किंवा निरीक्षक सांगेल तितकी उंच, भिंत असली तर घांस घालण्याच्या बाजूला त्यांना काम करतां येई. २२ व्या कलमानें स्त्रिया व अल्पवयी मुलें यांना चालत्या शक्तियंत्राचें व शाफ्टाचें तेलपाणी करण्यास बंदी केली. पण शिकविलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या, नोंदवहींत नांव असलेल्या प्रौढ पुरुषाला चालत्या यंत्राची तपासणी करण्याची मुभा त्याच कलमानें दिली होती. कायदा करणारांना शाफ्टाची अडचण ठाऊक होती. एकासाठीं सर्वांना थांबवावयाचें नाहीं म्हणून घट्ट कपड्यांवर भिस्त ठेवली गेली.

शाफ्ट गेला तो विजेनें. प्रत्येक यंत्राला आपापला मोटार मिळाला, आणि एक यंत्र थांबविण्यासाठीं सगळी ओळ थांबविण्याचें कारण उरलें नाहीं. धोका आतां संपला असें कोणालाहि वाटावें. परंतु पट्ट्याच्या जागीं खटका आला, आणि खटक्याचा स्वभाव पट्ट्याहून फारसा निराळा नाहीं. पट्टा आपोआप सरकत असे; खटका दुसरा माणूस दाबतो. आंत हात घातलेला फिटर यंत्राच्या पलीकडे वांकलेला, खटका भिंतीवर वीस पावलांवर, आणि तेथें नुकताच पाळीवर आलेला माणूस. त्याला यंत्र बंद दिसतें, माल पडून राहिलेला दिसतो, मालकाची नजर आठवते. तो हिरवें बटण दाबतो. त्याचा हेतु चांगलाच असतो, आणि हेंच या अपघाताचें दुर्दैव.

यावर आपल्या लोकांनीं स्वतःच एक तोड काढली. जुन्या बोर्डावर चिनी मातीचे फ्यूज असत. तारेचें काम करणारा माणूस नुसता खटका खालीं ओढून थांबत नसे; तो फ्यूजची मूठ उपसून काढी आणि खिशांत टाकी. फ्यूज त्याच्या खिशांत आहे तोंवर ब्रह्मदेवालाहि वीज सोडतां येणार नाहीं! खेड्यांतला लाइनमन रोहित्राजवळचे डीओ उतरवून मगच खांबावर चढतो, त्यांतलें तत्त्व हेंच. एकेरी मार्गावरच्या रेल्वेनेंहि तेंच फार पूर्वीं ओळखलें होतें. दोन स्टेशनांमधल्या रुळावर जाण्याचा अधिकार म्हणजे एक लोखंडी गोळा. तो यंत्रांतून एका वेळीं एकच निघतो आणि ड्रायव्हरच्या हातीं दिला जातो. गोळा त्याच्याजवळ आहे तोंवर दुसरी गाडी त्या रुळावर सुटूं शकत नाहीं. येथें कोणाच्या स्मरणशक्तीवर, सद्‌हेतूवर वा इशाऱ्यावर कांहीं सोपविलेलें नाहीं. ज्याचा जीव धोक्यांत, त्याच्याच हातीं वस्तु.

फ्यूजच्या या युक्तींत एक उणीव मात्र आहे. दोघे काम करीत असले तर फ्यूज कोणाच्या खिशांत? आणि बोर्डाजवळच्या खोक्यांत दुसरा फ्यूज पडलेला असला, किंवा उतावळ्यानें तांब्याची तार गुंडाळली, तर? म्हणून फ्यूजच्या पुढची पायरी कुलपाची. १९७६ सालीं फॅक्टरी ॲक्टमध्यें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, त्यांत २४ व्या कलमाला एक पोटकलम जोडलें गेलें: शक्ति तोडणारें जें साधन चुकून 'बंद'वरून 'चालू'वर जाऊं शकतें, त्याला बंद स्थितींत कुलूप घालण्याची सोय असली पाहिजे. १८८१ पासून मोजलें तर हें कुलूप कायद्याच्या पुस्तकांत यावयास ९५ वर्षें लागलीं. तेंहि अर्धेंच आलें. कुलूप असावें एवढें कायद्यानें सांगितलें. किल्ली कोणाजवळ असावी, याविषयीं तें पोटकलम मुकें होतें. किल्ली मुकादमाच्या टेबलाच्या खणांत असेल, तर कुलूप काय आणि खटका काय, सारखेंच.

किल्लीचा प्रश्न १९८९ सालीं अमेरिकेच्या नियमांत सविस्तर मांडला गेला. तेथील पद्धतींत यंत्राच्या मुख्य खटक्याला पुष्कळ भोकांची एक कडी लावतात आणि यंत्रांत हात घालणारा प्रत्येक मनुष्य त्या कडींत आपलें स्वतःचें कुलूप अडकवितो. चार माणसें, चार कुलपें. तिघांनीं आपलीं कुलपें काढलीं तरी चौथ्याचें निघेपर्यंत खटका हालत नाहीं. त्यानंतर सांठलेली शक्ति सोडवावयाची. ही गोष्ट नवख्याच्या ध्यानांत येत नाहीं. वीज तुटली म्हणून यंत्रांतला सगळा जोर गेला असें नव्हे: जड चाक कांहीं वेळ फिरत राहतें, गठाण दाबणाऱ्या प्रेसच्या नळ्यांत तेलाचा दाब राहतो, चोंदलेला कापूस रुळाला ताण देऊन बसलेला असतो आणि तो मोकळा होतांच रूळ पाव वळसा फिरतो. पाव वळसा पुरेसा असतो. शेवटीं, कुलूप घातल्यावर चालू करण्याचें बटण मुद्दाम दाबून पाहावयाचें. यंत्र गप्प राहिलें तरच हात आंत. वरवर पाहतां ही शेवटची पायरी वेडेपणाची दिसते, पण चुकीच्या यंत्राच्या खटक्याला कुलूप लागलेलें असलें तर तें याच पायरीला उघडकीस येतें.

मराठींत या पद्धतीला काय म्हणावें, हाहि एक मौजेचा प्रश्न आहे. 'टाळेबंदी' हा शब्द मुंबईच्या गिरणगांवानें आधींच वापरून टाकला. त्याचा अर्थ मालकानें कामगाराला बाहेर ठेवून दाराला लावलेलें कुलूप. येथलें कुलूप कामगारानें मालकाच्या यंत्राला घातलेलें आणि त्याची किल्ली कामगाराच्या करगोट्याला. दोन्ही कुलपें एकाच नांवानें कशीं ओळखावयाचीं?

कारखान्याची गोष्ट ही अशी झाली. पण कुहीसारख्या तालुक्यांत यंत्राचें तोंड कारखान्यापेक्षां शेतावर अधिक आढळतें, आणि शेतावर फॅक्टरी ॲक्ट कधींच पोंचला नाहीं. पंजाब-हरियाणांत गव्हाचें पीक वाढलें आणि मळणीयंत्रें घरोघर आलीं, तसे हात तुटण्याचे अपघात इतके वाढले कीं १९८३ सालीं संसदेला धोकादायक यंत्रांविषयीं स्वतंत्र कायदा करावा लागला. यंत्र बनविणाऱ्यावर जबाबदारी आणि जखमी झालेल्यास भरपाई, हे त्याचे दोन पाय. त्याच्या चार वर्षें आधीं, १९७९ सालीं, भारतीय मानक संस्थेनें मळणीयंत्राच्या सुरक्षिततेचें मानक काढलें होतें. घांस घालण्याची पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब असावी आणि तिचा ड्रमकडचा ४५० मिलिमीटर भाग वरून झांकलेला असावा, असें त्यांत सांगितलें. कारण उघड आहे. माणसाचा हात साधारणपणें जेथपर्यंत पोंचतो त्याच्या पलीकडे ड्रमचे दांते ठेवावयाचे. हातानें सांभाळावें असें सांगण्याऐवजीं पत्राच लांब केला. इतकें साधें शहाणपण! पण लांब पन्हळ म्हणजे पत्रा अधिक, आणि घांस पुढें ढकलावयास वेळ अधिक. म्हणून तिचा पुढला भाग कापून टाकलेलीं यंत्रेंहि पाहावयास मिळतात.

पन्हळ लांब असली तरी ती तुंबते. ओलसर सोयाबीन किंवा दंवानें भिजलेलें धान ड्रमला गुंडाळलें जातें, आणि मग हात आंत जातो तो पन्हळींतून नव्हे, वरचें झांकण उघडून. या भागांत मळणीयंत्र बहुधा ट्रॅक्टरवर चालतें. ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याची शक्ति तोडली तरी ड्रम जड असल्यामुळें कांहीं वेळ फिरत राहतो. आवाज कमी होतो म्हणून तो थांबला असें वाटतें. तेथें भिंतीवर खटका नाहीं, कडी नाहीं, कुलूप अडकवावयास जागा नाहीं. तेथलें कुलूप म्हणजे ट्रॅक्टरची किल्ली. ती काढून झांकण उघडणाऱ्यानें आपल्या खिशांत टाकली, ड्रम पूर्ण थांबलेला डोळ्यांनीं पाहिला, एवढ्यानें कारखान्यांतल्या चार पायऱ्यांतल्या तीन पुऱ्या होतात. खर्च कांहीं नाहीं.

जिनांकडेहि पाहावें. २००० सालीं सुरू झालेल्या कापूस-तंत्रज्ञानाच्या सरकारी मोहिमेंतून विदर्भांतल्या पुष्कळ जिनांचें नूतनीकरण झालें. कापूस आतां नळीनें शोषला जातो, वरच्या पट्ट्यावरून येतो आणि यंत्रच जिनाला घांस भरवितें. मूठ मूठ कापूस सोडणारी बाई अशा जिनांत पात्यासमोर उरली नाहीं. दीडशें वर्षांच्या या इतिहासांत त्या बाईच्या बोटांचें जें रक्षण कायद्याला साधलें नाहीं तें आपोआप घांस भरणाऱ्या यंत्रानें साधलें, असें म्हणावयास हरकत नाहीं; तिची मजुरीहि त्याबरोबर गेली, ही गोष्ट वेगळी. मात्र घांस भरणारें यंत्र स्वतः तुंबतेंच. पूर्वीं हात दिवसभर तोंडाजवळ असे आणि त्याला तोंडाची संवय असे. आतां हात जातो तो आठवड्यांतून एकदां, शिडीवरून, अंधारांत, यंत्र बिघडलें असतां आणि खालीं कापसाच्या गाड्या ताटकळत असतां. १९४८ चा कायदा रद्द करून त्याच्या जागीं बसणारी संहिता संसदेनें २०२० सालीं संमत केली. शिडीवर चढणाऱ्या त्या माणसाची किल्ली कोणाजवळ राहील, हें मात्र प्रत्येक जिनांत त्या त्या दिवशीं ठरतें.

कुहीकडे पाऊस उघडला कीं सोयाबीनची घाई सुरू होते, त्यामागून धान येतें. भाड्याचें मळणीयंत्र एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जातें. ढग आले म्हणजे रात्रींहि दिव्याच्या उजेडांत चालतें. पन्हळ तुंबली कीं कोणीतरी हाक मारतो, ट्रॅक्टरवाला दांडा सोडतो, आणि दोघे-तिघे झांकणाभोंवतीं जमतात. किल्ली तेवढी पुष्कळदां ट्रॅक्टरलाच लटकत असते.